मामा तलावाच्या पाळीवरचे कॅमेरे

पक्ष्यांचे फोटो काढण्याची जी शिस्त मराठीत शिकवली जाते, ती बहुतांशी मुंबई-पुण्याच्या अनुभवावर उभी आहे आणि हिवाळी पाहुण्यांवर बेतलेली आहे. अंतर ठेवा, आवाज करू नका, भडक कपडे घालू नका, कचरा टाकू नका. त्यात चूक काहीच नाही. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या तलावांवर ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच पुरते. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत इथलं पाणी, इथली रेती आणि इथल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, विणीच्या जागा असतात आणि त्या आठ महिन्यांबद्दल ही शिस्त जवळजवळ मुकी आहे. म्हणून दोन गोष्टी आता ठरायला हव्यात. घरट्याचा फोटो काढणं आणि मिरवणं पूर्ण बंद व्हावं. आणि गावतलावावर कॅमेरा कधी, कुठून आणि किती पैशांत चालेल, हे ग्रामसभेनं ठरवावं. शहरातल्या पक्षिमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते सोडू नये.

मुंबईची शिस्त मुंबईत का चालते, ते आधी पाहू. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे हिवाळ्याच्या सुमाराला येतात, मे-जूनपर्यंत चरतात आणि विणीसाठी कच्छच्या रणाकडे जातात. म्हणजे शिवडीला किंवा ऐरोलीला कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसापुढे रोहिताच्या घरट्याचा प्रश्न येतच नाही. शिवाय मधे चिखल असतो. ओहोटीला पक्षी लांब चिखलावर पसरलेले असतात. भरती चढू लागली की पाण्याच्या कडेबरोबर ते काठाकडे सरकतात. चिखल पूर्ण बुडाला की उडून दुसरीकडे बसतात. फोटोची वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरते आणि पायी पुढे जायची सोय नसते. होडीनं जायचं तर वेळ आणि वाट दोन्ही दुसऱ्यानं ठरवलेली. माणसानं संयम पाळला नाही तरी खाडी त्याच्याकडून तो पाळून घेते.

मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर असं कोणी अडवत नाही. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, मोटारसायकल जाते, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) माणूस जातो, आणि मार्चनंतर पाणी उतरलं की तलावाच्या पोटात चारचाकीसुद्धा उतरते. गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधलेले हे हजारो तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आले, मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. आज पाणी एकाचं, मासळीचा ठेका दुसऱ्याचा, शिंगाडा तिसऱ्याचा, आणि बहुतेक छोट्या तलावांचा कागद जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे. इतक्या लोकांचा हक्क असलेल्या जागी फक्त फोटोग्राफर कोणाला न विचारता येतो. अभयारण्यात फोटोसाठी परवाना लागतो, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये तसं लिहिलं आहे. गावतलाव अभयारण्य नाही, म्हणून इथे काहीच लागू नाही, असा समज पक्का झाला आहे.

तो चुकीचा आहे. १९७२ च्या याच कायद्याच्या कलम २ च्या सोळाव्या पोटकलमात शिकारीची व्याख्या दिली आहे. तिच्यात बंदूक आणि फास आहेत, तशी पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करण्याची कृतीही आहे. ही व्याख्या अभयारण्याच्या हद्दीपुरती नाही. बांधीत, रेतीत, बाभळीवर, कुठेही ती लागते. आता लांबून, पक्षी न हलवता काढलेला फोटो या व्याख्येत बसणार नाही, हे मान्य. पण फोटो पाहून तो कसा काढला हे कोणाला सांगता येतं? आणि एका वनरक्षकाकडे जंगलाचंच एवढं मोठं बीट असतं की तलावाकडे बघायला त्याला फुरसत कुठली. कायदा आहे, पण पाळीवर उभं राहून तो सांगणारा कोणी नाही. ती जागा गावानं घ्यावी.

घरट्यापाशी नेमकं काय बिघडतं, हे एकदा नीट मांडायला हवं, कारण "मी तर दहाच मिनिटं थांबलो" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं आणि बोलणारा प्रामाणिकही असतो.

वैनगंगेच्या रेतीपासून सुरू करू. मार्च ते जून. नदी सुरय, टिटवी, कंठेरी चिखल्या हे पक्षी थेट जमिनीवर, उथळ खळग्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग गोट्यांचा. पाय पडला तरी कळत नाही, हा पहिला धोका. दुसरा त्याहून मोठा आहे आणि दिसत नाही. आपल्या डोक्यात अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं असं बसलेलं असतं. विदर्भातल्या मे महिन्यात पक्ष्याचं काम उलटं असतं. हवा ४५ अंशांवर, रेती त्याहून किती तरी तापलेली. टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन त्या ओलाव्यानं अंडी गार ठेवते. फोटोग्राफर पंधरा मीटरवर पोटावर झोपला की ती उठते आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागते. त्याला वाटतं, काय सुंदर उड्डाण मिळालं. त्याच वेळी अंडी उघड्या उन्हात असतात. सकाळी सातला हे कदाचित निभावेल; अकराला काही मिनिटंही पुरतात. अंडी फुटलेली दिसत नाहीत, जागेवरच असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी येणाऱ्यालाही सगळं ठीक वाटतं.

जुलैनंतर प्रश्न तलावात येतो. टिबुकलीचं घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा तरंगता ढीग. ती उठून जाताना अंड्यांवर ओली पानं ओढून घेते आणि मग घरटं कुजक्या कचऱ्यासारखं दिसतं. पण हे तिला थोडी सवड मिळाली तरच. डोंगा (लहान होडी) अचानक समोर आला तर ती तशीच बुडी मारते, पांढुरकी अंडी उघडी राहतात आणि कावळा तर माणसाच्या मागेच असतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची गोष्ट आणखी नाजूक. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. चार अंडी आणि पुढे पिल्लं एकटा नर सांभाळतो, जवळपास चार आठवडे अंड्यांवर बसतो. घरटं कमळाच्या किंवा शिंगाड्याच्या पानावर, नावापुरतं. त्याला हटवलं की बदली कोणी नाही. शिंगाड्याचे वेल एकमेकांत गुंतलेले असतात. डोंगा दहा हात लांबून गेला तरी वेल ओढला जातो, पान कलतं आणि अंडं पाण्यात. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या माणसाला हे ठाऊक असतं. तो त्या पट्ट्यातून वल्हं न मारता बाजूनं जातो. पैसे देऊन डोंग्यात बसलेला पाहुणा मात्र "अजून थोडं पुढे घ्या ना भाऊ" म्हणतो.

आणि सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आता गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरपुरताच, तोही मोजका. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी वन विभाग आणि गोंदियाची ‘सेवा’ नावाची संस्था मिळून त्याची गणना करतात. एक जोडी वर्षानुवर्षं त्याच बोडीला (लहान तळ्याला), त्याच बांध्यांना धरून असते. पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत-लव्हाळ्याचा मोठा ढीग करून त्यावर साधारण दोन अंडी. उबवण महिनाभराची. नर-मादी आळीपाळीनं बसतात. माणूस जवळ आला की बसलेला सारस मान खाली घालून चोरपावलांनी बाजूला होतो आणि लांब जाऊन उभा राहतो, जणू आपलं इथे काही नाही. फोटोग्राफर समजतो, पक्षी शांत आहे. तोवर त्याच्या पायांनी धानातून वाट पडलेली असते. कुत्रा आणि कोल्हा त्या वाटेनं जातात.

इथे शेतकऱ्याचं गणित लक्षात घ्यायला हवं. रोवणी नुकतीच झालेली, एकरी मजुरी मोजून दिलेली, आणि बांधीत चार अनोळखी माणसं बूट घालून. "अवो, बांधीतून नका जाऊ जी," असं तो एकदा सांगेल, दोनदा सांगेल. तिसऱ्या वेळी त्याचा राग पक्ष्यावर निघाला, हे घरटंच नको असं त्याला वाटू लागलं, तर दोष कोणाचा? सारस आजवर टिकला तो शेतकऱ्यानं त्याला बांधीत राहू दिलं म्हणून. ती मर्जी फोटोंपायी खर्चून टाकणं याला संवर्धन म्हणता येणार नाही.

जंगलातल्या घरट्यांबद्दल थोडक्यात. पावसाच्या तोंडावर नवरंग आणि स्वर्गीय नर्तक यांची घरटी शोधून समोरच्या फांद्या छाटायची किंवा दोरीनं मागे बांधायची पद्धत आहे. तिला बागकाम असं गोड नावही आहे. त्या फांद्या पिल्लांची सावली असतात आणि शिक्र्यापासूनचा आडोसाही. फोटो झाल्यावर दोरी सोडली म्हणून छाटलेली पानं परत येत नाहीत. मेळघाटातल्या रानपिंगळ्यापुढे स्पीकरवर त्याचाच आवाज वाजवण्याचा प्रकार याच जातीचा. १८८४ नंतर शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाला न सापडलेला हा पिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तो दिवसा फिरतो आणि आवाजाला हमखास उत्तर देतो, म्हणून सोपा. संशोधक गणनेसाठी आवाज वाजवतात, पण मोजून आणि नोंद ठेवून. एका झाडाखाली सीझनभर वेगवेगळ्या लोकांनी तोच आवाज वाजवला, तर नराला आपल्या हद्दीत शत्रू कायमचा मुक्कामाला आलाय असंच वाटणार. खाणं आणायचं सोडून तो भांडत राहणार.

"मग जवळ गेल्याशिवाय फोटो येणार कसा?" हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी रास्त होता. फिल्मच्या काळात लांब लेन्स थोड्यांकडे होत्या, पक्षी कुठे बसणार हे नक्की असण्याची एकच जागा म्हणजे घरटं, म्हणून त्यापुढे आडोसा करून बसणं हीच पद्धत होती. आजचा हिशेब वेगळा आहे. सेन्सरवर पडणारी प्रतिमा म्हणजे फोकल लांबी गुणिले पक्ष्याची उंची भागिले अंतर. विदर्भात सर्रास दिसणारं साहित्य म्हणजे क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरची बॉडी आणि १५०-६०० मिलिमीटरची झूम. या सेन्सरची उंची सुमारे १६ मिलिमीटर. सारस १.६ मीटर उंच धरला आणि त्यानं चौकटीची निम्मी उंची, म्हणजे ८ मिलिमीटर, व्यापावी असं म्हटलं, तर ६०० मिलिमीटरला अंतर येतं १२० मीटर. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तो पक्षी २००० पिक्सेल उंच असतो. मोबाइलच्या पडद्याला त्याच्या निम्मे पुरतात, म्हणजे २४० मीटरवरूनही काम होतं. आणि हे फोटो बघितले जातात ते मोबाइलवरच!

अर्थात हिशेबात हवा धरलेली नाही. १२० मीटरवरून काढताना उन्हाची झळ फोटो मऊ करते, आणि ती लेन्स बदलून किंवा संगणकावर शार्प करून जात नाही. उपाय दोनच: सूर्योदयानंतरचा पहिला तास, किंवा ढगाळ दिवस. पावसाळ्यात ढग फुकट मिळतात, प्रकाश मात्र कमी मिळतो. चालणाऱ्या सारसाला एक पाचशेअंश सेकंद पुरतो, उडणाऱ्याला एक सोळाशेअंश तरी हवा, आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नये. बगळ्यासारखा पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर उजेड दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावा, नाहीतर पिसांचा तपशील जळतो. आणखी एक, नवखे लोक हमखास फसतात ते: एसी गाडीतून कॅमेरा काढला की दमट हवेत काचेवर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटं वाया जातात. अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली घ्याव्यात, कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा.

लहान पक्ष्यांचं गणित मात्र खरंच अवघड आहे. वेडा राघू १६ सेंटिमीटर धरला तर त्याच चौकटीसाठी १२ मीटरवर जावं लागतं. कमळपक्ष्यासाठी सुमारे २२. इथेच घरट्याचा मोह होतो, कारण बाकी कुठे पक्षी इतक्या जवळ टिकत नाही. त्याला उत्तर आहे ते म्हणजे विणीच्या जागेपासून दूर, चरण्याच्या किंवा पाणी पिण्याच्या जागेजवळ बांधलेला कायमचा आडोसा. तो गावानं बांधावा, असं इथे सुचवायचं आहे, आणि त्यासाठी शहरातून तयार कापडी तंबू आणायची गरज नाही.

बांबूचा सांगाडा, दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच, तिघं बसतात. भिंती तुराट्यांच्या किंवा पऱ्हाटीच्या, छप्पर तणसाचं (धानाच्या पेंढ्याचं). समोरच्या भिंतीला बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या जरा खाली, जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटरवर, वीतभर उंचीची आडवी फट. तिला आतून गडद कापडाची झालर, लेन्सपुरती चिरलेली. दार मागे. जागा निवडताना सकाळचा सूर्य पाठीशी हवा, म्हणजे आडोसा पाण्याच्या पूर्वेला आणि फट पश्चिमेकडे. हे उलटं झालं की आयुष्यभर काळ्या आकृत्याच मिळतात. पाण्याच्या काठापासून पाच-सात मीटर मागे ठेवावा, आणि हिवाळ्यात पाणी कुठपर्यंत उतरतं ते मासळीवाल्यांना विचारून मगच खुंटी ठोकावी. ऑक्टोबरच्या काठावर बांधलेला आडोसा जानेवारीत पाण्यापासून शंभर मीटर लांब गेलेला असतो. प्लॅस्टिकची ताडपत्री वाऱ्यात फडफडते, पांढरं कापड चमकतं, दोन्ही टाळावं. बांधून झाल्यावर दोन-तीन आठवडे तिकडे फिरकू नये. पक्ष्यांना त्याची सवय झाली की ते समोर चरू लागतात. आत शिरायचं ते उजाडण्याआधी आणि बाहेर पडायचं ते पक्षी लांब गेल्यावर. समोर दाणे, अळ्या किंवा जिवंत उंदीर टाकायचा नाही. शिरण्याआधी काठीनं तणस ठोकून घ्यावं, साप-विंचवाला ही जागा आपल्याइतकीच आवडते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, फोटोंमुळेच विज्ञानाला माहिती मिळते. खरं आहे. मंगोलियात मानेला पट्टी चढवलेले पट्टकादंब हंस भारतात येतात, त्या पट्टीवरची अक्षरं लांब लेन्सच्या फोटोतूनच वाचली जातात आणि प्रवासाचा मार्ग कळतो. पण अशी नोंद चरणाऱ्या पक्ष्याच्या फोटोतून होते. वीण झाल्याचा पुरावा पिल्लं घेऊन फिरणारी जोडी देते, तोंडात चारा घेऊन जाणारा पक्षी देतो. ज्याला खरोखर घरट्याचा अभ्यास करायचा आहे त्यानं वन विभागाची परवानगी घ्यावी आणि अहवाल द्यावा. फेसबुकवरचा फोटो हा अहवाल नसतो. अनेक मान्यवर स्पर्धांनी घरट्याचे फोटो घेणं केव्हाच सोडलं आहे. जिल्हा पातळीवरच्या, नगरपालिकेच्या, वन्यजीव सप्ताहातल्या स्पर्धांमध्ये मात्र चोच वासलेली पिल्लं अजून बक्षीस घेऊन जातात. ते बंद करायला अध्यादेश लागत नाही, प्रवेशिकेत एक ओळ पुरते.

दुसरा आक्षेप: गावकरीच कुठे जपतात? गाळाची जमीन पेरली जाते, बेशरम हे तण वाढतं, कीटकनाशकं फवारली जातात. हेही खरं, आणि फोटोग्राफरपेक्षा या गोष्टींनी तलावांचं जास्त नुकसान केलं असेल. पण ज्या तलावातून गावाला मासळी आणि शिंगाड्यापलीकडे चार पैसे मिळतात, तिथली बेशरम काढायला माणसं मिळतात. आज पक्ष्यांच्या नावानं जो पैसा खर्च होतो तो हॉटेलात, पेट्रोलपंपावर आणि लेन्सच्या दुकानात जातो. गावात येतो तो फार तर घरटं दाखवणाऱ्या पोराच्या हातात ठेवलेली पाचशेची नोट म्हणून, म्हणजे नेमका नको त्या कामासाठी.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: नियम आणि गाइड असूनही काय होतं ते आपण पाहिलंच आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. गेट होतं, गाइड होते, नियम छापलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. यातून गावानं शिकायचं ते एवढंच की माणसाची कमाई पक्षी किती जवळून दाखवला यावर अवलंबून ठेवली, की नियम टिकत नाही. जिप्सीचालकाला बक्षीस मिळतं ते वाघ जवळून दाखवल्याचं. म्हणून तलावावर सोबत येणाऱ्याची मजुरी ठरलेली हवी, पक्षी दिसो न दिसो तेवढीच, आणि ती पाहुण्याच्या हातून नव्हे तर पावतीतून. बक्षीस घेणं-देणं दोन्हीला मनाई. विणीच्या महिन्यांतही, जेव्हा कॅमेरे बंद असतात, त्याच माणसाला राखणीची मजुरी मिळाली पाहिजे. हिवाळ्याच्या शुल्कातून तेवढं बाजूला काढता येतं. घरटं दाखवण्याचे पाचशे मिळण्यापेक्षा न दाखवण्याचे महिन्याला ठरलेले पैसे मिळाले, तर तोच पोरगा उत्तम राखणदार होतो, कारण घरटं कुठे आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

ठिकाण उघड करण्याबद्दलही गावानं बोलायला हवं. मोबाइलचा कॅमेरा लोकेशन चालू असेल तर फोटोतच अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती फोटोतून निघून जाते, पण चांगल्या प्रतीसाठी डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तशीच जाते. निसर्गनोंदींचं आयनॅचरलिस्ट हे ॲप धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण साधारण बावीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर करतं, पक्षिनोंदींचं ईबर्डही काही संवेदनशील प्रजातींच्या नोंदी झाकतं. मागे दिसणारं मंदिर, टॉवर आणि तलावाचं तुडूम (पाणी सोडायचं दार) मात्र कोणतंही ॲप झाकत नाही. पक्ष्यापेक्षा पार्श्वभूमी आधी तपासावी, आणि सारसाच्या फोटोखाली तालुक्याच्या पुढे काही लिहू नये.

आता अधिकाराचा मुद्दा. ग्रामसभेला हे करता येतं का? जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते; लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं हे या समितीचं काम. बऱ्याच गावांत ही समिती कागदावर आहे. तिला काम द्यायची ही संधी. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ तर हक्कधारक गावाच्या ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, पाणलोट आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा काय करू शकते ते दाखवलं आहे. गडचिरोलीतल्यासारख्या अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात पेसा कायद्यानं लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे दिलं आहे. बाकी गावांनी आडोसा बांधण्याआधी जिल्हा परिषदेला पत्र द्यावं आणि मच्छीमार सहकारी संस्थेची लेखी संमती घ्यावी. शुल्कातला वाटा त्यांना दिला तर संमती अडत नाही. शुल्क जागेचं आणि सोबत्याचं, असं पावतीवर स्पष्ट लिहावं, म्हणजे पक्षी विकले असा अर्थ कोणी काढणार नाही.

ठरावात महिने अधिवासाप्रमाणे लिहावेत, सरसकट बंदी नको. नदीची रेती आणि उतरलेल्या तलावाचं कोरडं पोट मार्च ते जून बंद. कमळ-शिंगाड्याचं पाणी आणि त्यातला डोंगा जुलै ते ऑक्टोबर बंद. पाळीवरून, वाटेवरून बघायला हरकत नाही. सारसाची जोडी असलेल्या बांध्यांमध्ये रोवणीपासून कापणीपर्यंत धुऱ्यावरही प्रवेश नाही, फोटो फक्त रस्त्यावरून, गाडीतूनच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आडोसा खुला, पण घुबडं आणि गरुड याच महिन्यांत अंड्यांवर असतात, तेव्हा त्यांची झाडं वगळून. ड्रोन बारा महिने नाही. एका घिरटीत तलावावरची सगळी बदकं उठतात. दिवसाला एकच पाळी, तीन कॅमेरे. कॅमेऱ्यामागे दोनशे रुपये ही सुरुवातीला ठीक रक्कम वाटते, शाळेच्या मुलांना आणि गावातल्या कॅमेऱ्याला माफ. प्रत्येक पाहुण्यानं त्या दिवशीचे किमान पाच फोटो तारखेसह समितीला द्यावेत, ते नोंदवहीत लागतील. तलावावर कोण कधी येतं याची दहा वर्षांची अशी वही असली, तर उद्या पाळ फोडायला किंवा पाण्यावर सौर पट्ट्या टाकायला कोणी आलं तेव्हा गावाकडे दाखवायला काही असेल.

हा ठराव १ मेच्या ग्रामसभेत घ्यावा. तोवर वैनगंगेच्या रेतीवरची वीण अर्धी उरकलेली असते, हे नुकसान पहिल्या वर्षी सोसावं लागेल. पण तलावाचे महिने सुरू व्हायला दोन महिने हातात राहतात: फलक रंगवायला, मासळीवाल्यांशी वाटा ठरवायला, राखणदार नेमायला. फलक पाळीच्या मधोमध लावू नये. गाडी जिथून पाळीवर चढते तिथे, चाकं थांबण्याआधी दिसेल असा लावावा, आणि त्यावर पावती देणाऱ्याचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा.